न तडकणारा पाय

शालू शिरसाट पाय बनवते. अमरावतीत बडनेरा रस्त्याला एक लहानसं केंद्र आहे. पुढे पेशंटला बसायला दोन खोल्या आणि मागे पत्र्याची शेड. शेडमध्ये प्लास्टरची धूळ सगळीकडे बसलेली असते, खिडकीच्या गजांवर, चहाच्या थर्मासवर, शालूच्या भुवयांवरसुद्धा. तिचा स्वतःचा डावा पाय गुडघ्याखाली नाही. नव्या पेशंटला हे लगेच कळत नाही, कारण ती सरळ चालते. कळलं की मात्र तो जरा सैल होऊन बसतो आणि मग खरं काय दुखतं ते सांगतो.

ती मूळची अकोल्याची, जुन्या शहरातली. वडील डोमाजी एसटीच्या वर्कशॉपात टायरच्या कामावर होते. घासलेल्या टायरवर नवं रबर चढवायचं ते काम. शालू आयटीआयला शिवणकाम शिकत होती. एका लग्नाहून अकोटकडून परत येताना ती मामेबहिणीच्या स्कूटीवर मागे बसली होती, आणि मागून आलेला ट्रक घासून गेला. बहिणीला खरचटलं. शालूचा पाय गेला.

पहिला पाय तिला याच केंद्रात मिळाला. माप घेतलं खुशालरावांनी. हे केंद्र त्यांनीच उभं केलेलं. पुण्याला काम शिकून आलेले, कमी बोलणारे, हाताने अतिशय सावकाश. पाय बरा झाला होता, पण आतल्या बाजूला वरच्या कडेला, गुडघ्याच्या वर, टोचायचा. शालूने ते कुणाला सांगितलं नाही. महिनोन् महिने ती तशीच चालली. शेवटी तिथे जखम झाली आणि आई गोदाबाई तिला घेऊन अमरावतीला आली.

खुशालराव जखम पाहून चिडले. "तवाच काहून नाई सांगतलं?"

शालू खाली पाहत म्हणाली, "मांडीपाशी टोचते म्हून तुमाले कसं सांगू?"

खुशालरावांच्या डोक्यात ते बसलं. आपल्याकडे आलेल्या कितीतरी बाया दुसऱ्यांदा परत आल्याच नव्हत्या. पाय चांगला बसला म्हणून येत नसतील अशी त्यांची समजूत होती. नवा पाय द्यायच्या वेळी त्यांनी शालूला विचारलं, "शिवता येते न तुले? मंग कापड ओढून बसवता येईन. इथं काम शिक. बायांची मापं तू घेत जा."

अशी शालू अमरावतीला आली. केंद्रामागच्या गल्लीत तिने खोली घेतली. शनिवारी संध्याकाळच्या एसटीने ती अकोल्याला घरी जायची आणि सोमवारी सकाळी परत.

पायाचा उरलेला भाग ज्या कवचात बसतो त्याला सॉकेट म्हणतात. सगळं वजन त्यावर येतं, त्यामुळे पाय चांगला की वाईट ते बहुतेक सॉकेटवरच ठरतं. केंद्रात पूर्वी जाड प्लास्टिकची सॉकेटं व्हायची. ती टिकाऊ होती, पण जड आणि उन्हाळ्यात आत घामाने पाय उकडून निघायचा. खुशालरावांनी मग रेझिनची सॉकेटं सुरू केली. आधी पायाचा प्लास्टरमध्ये ठसा करायचा. त्यावर कापडाचे आणि काचेच्या धाग्यांचे मोजे एकावर एक चढवायचे, वरून प्लास्टिकची पिशवी घालायची, तिच्यात इपॉक्सी रेझिन ओतायचं आणि पंपाने हवा ओढून घ्यायची. रेझिन कापडात मुरतं आणि काही वेळाने दगडासारखं कडक होतं. पाऊल जोडायला खालच्या टोकाशी धातूची चकती आतच बसवलेली असते. मोजे चढवताना सुरकुती पडू न देणं हे शालूचं कसब. तिच्या हातचं सॉकेट पातळ, हलकं आणि अंगासरशी बसणारं असायचं.

शहरात राहणाऱ्यांना ते मानवलं. शेतातल्यांना नाही.

मैनाबाई ढोले चांदूर बाजारजवळच्या एका गावातल्या. संत्र्याची बाग, मुलगा गजेंद्र आणि त्या, दोघं मिळून पाहायचे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून पडून त्यांचा पाय गेला होता. शालूने त्यांना रेझिनचा पाय करून दिला तेव्हा त्या खूश होऊन गेल्या होत्या. काही महिन्यांनी परत आल्या तेव्हा एका बाजूला कुबडी होती आणि दुसऱ्या हातात कापडी पिशवी. पिशवीतून पाय काढून त्यांनी टेबलावर ठेवला.

"घ्या. तुमचा पाय."

चकतीपाशी एक बारीक चीर सुरू होऊन वर पोटरीपर्यंत गेली होती.

"काय झालं मावशी?"

"होणार काय? संत्र्याचं कॅरेट उचललं, वरंब्यावरून खाली पाय टाकला, अन् टक्कन आवाज आला. मले वाटलं झाडाची डांग मोडली."

शालूने दुसरं सॉकेट करून दिलं. या वेळी चकतीभोवती काचेचे थर वाढवले. तेही तसंच तडकलं, फक्त थोडं उशिरा. या वेळी मैनाबाई झाडाखाली बसकण मारून राहिल्या आणि गजेंद्रने त्यांना उचलून घरी नेलं. त्यांच्या मनाला ते फार लागलं. "पोरानं मले लेकरावानी उचललं," असं त्या सांगत होत्या.

खुशालराव म्हणाले, "शेतवाल्यांना प्लास्टिकचाच देत जाऊ."

शालूला ते पटत होतंही आणि नव्हतंही. मैनाबाईंचा पाय गुडघ्याखाली फार थोडा उरला होता. जड पाय त्यांना दिवसभर ओढवत नव्हता. त्या आठवड्यात अकोल्याला गेली तेव्हा जेवताना तिने हे घरी सांगितलं. डोमाजी तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते.

ते म्हणाले, "कडक चीज फुटतेच. टायर काहून नाई फुटत? त्याच्यात रबर हाय. तुह्या त्या रेझिनात रबर टाकून पाह्य."

दुसऱ्या दिवशी ते स्वतः एका टायरवाल्याकडे गेले आणि टायर घासून निघालेली रबराची भुकटी पिशवीभर घेऊन आले. शालूने ती चाळून बारीक करून रेझिनमध्ये मिसळली. भुकटी तळाशी बसली. कापडात मुरायचं सोडून ती पिशवीच्या तोंडाशी गाळासारखी अडकली. जो तुकडा तयार झाला तो हातोड्याच्या पहिल्याच ठोक्याला मोडला, आधीच्यापेक्षा लवकर. मोडलेल्या जागी रबराचे काळे कण मोकळेच दिसत होते. रेझिनने त्यांना धरलंच नव्हतं.

पुढच्या शनिवारी घरी डोमाजींनी तो तुकडा हातात फिरवून पाहिला. "नाई जमलं," एवढंच म्हणाले, आणि भुकटीची पिशवी परत देऊन आले.

त्यांची ओळख मात्र कामी आली. शेजारचा ललित एमआयडीसीतल्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत होता. तो कारखाना वीजमंडळाला लागणारे इन्सुलेटर ओतायचा. तेही इपॉक्सीचे आणि आत तांब्याचा दांडा. डोमाजींनी त्याला घरी बोलावलं. ललितने तुकडा पाहिला आणि तो हसला, पण चेष्टेने नाही.

"काका, बात बरोबर हाय तुमची. रबरच पायजे. पण हे कण लय मोठे झाले. आमच्याकडे पण हेच होत होतं ताई. हिवाळ्यात रात्री गारठा पडला की तांब्यापाशी चीर जायची. मग आमी पातळ रबर वापरायला लागलो."

"पातळ रबर म्हणजे?"

"काकवीसारखं असते. ते आधी रेझिनसंगं तापवून घ्यायचं, म्हणजे रबराची टोकं रेझिनले धरून बसते. तवा ते रेझिनात पूर्ण विरघळलेलं असते, डोळ्याले दिसत नाई. मंग हार्डनर टाकला की रेझिन घट्ट होत जाते, अन् घट्ट होता होता रबराले बाहेर ढकलते. पण बाहेर जायला तर जागा नाई. मंग ते तिथल्या तिथंच बारीक बारीक थेंब होऊन बसते. डोळ्याले न दिसणारे. चीर पळत आली की तिला वाटेत हे थेंब लागते. थेंब ताणते, फाटते, त्याच्या भवतालचं रेझिनपण जरासं वाकते. चिरीचा सगळा जोर त्याच्यातच खर्च होते."

शालूने विचारलं, "मंग सगळं रबरच टाकलं तर?"

"मंग पाय वाकन," ललित म्हणाला.

साहेबांची परवानगी काढून त्याने रबर घालून तापवलेल्या रेझिनचा एक लहान डबा दिला. पुढच्या खेपेला शालू सोमवारची एसटी सोडून त्याच्या प्रयोगशाळेत गेली. तिथे लोलकासारखा हातोडा असलेलं एक यंत्र होतं. हातोडा वर नेऊन सोडायचा, खाली तो पट्टी मोडतो आणि पलीकडे किती वर चढला ते पाहायचं; जितका कमी चढला तितकी पट्टी चिवट. साध्या रेझिनची पट्टी मोडून हातोडा सरळ पलीकडे गेला, जणू वाटेत काही नव्हतंच. रबर घातलेल्या रेझिनची पट्टी मोडली तेव्हा हातोडा अर्ध्यातच अडखळला. साधी पट्टी मोडली तिथे काचेसारखी चमकत होती. दुसरी मोडलेल्या जागी पांढरी पडली होती, खरबरीत.

शालूने ते दोन्ही तुकडे रुमालात बांधून अमरावतीला नेले आणि खुशालरावांपुढे ठेवले. त्यांनी चष्मा वर करून ते पाहिले. "पेशंटवर नको," ते म्हणाले. "आधी दुसरं काही पाहू."

"मी हाय न," शालू म्हणाली.

जानेवारीत तिने स्वतःचा पाय केला. रेझिन नेहमीपेक्षा घट्टसर होतं. कापडात मुरायला वेळ लागला, पंप जास्त वेळ चालवावा लागला. कडक होताना ते हळूहळू ढगाळलं आणि शेवटी पाण्यात थोडं दूध टाकल्यासारखं दिसू लागलं. खुशालरावांना ते आवडलं नाही. "खराब झालं काय?" त्यांनी विचारलं. शालूलाही माहीत नव्हतं. पण प्रयोगशाळेतला तुकडा तर चांगला निघाला होता.

तो पाय घालून तिने त्याची जराही गय केली नाही. एसटीच्या शेवटच्या पायरीवरून ती उतरायची ती त्याच पायावर. प्लास्टरची पोती उचलायची. चिखलदऱ्याला मैत्रिणींबरोबर गेली तेव्हा दगडाच्या उतारावरून मुद्दाम खाली उतरली. मैत्रिणी ओरडत होत्या. मार्च संपेपर्यंत चकतीपाशी केसाएवढीही चीर नव्हती. शेवटी खुशालरावच म्हणाले, "चांदूर बाजारच्या बाईले फोन लाव."

मैनाबाई मे महिन्यात आल्या. लग्नसराई उरकून, मोसमाच्या आधी. शालूने त्यांचा ठसा घेतला, मोजे चढवले, ललितने दिलेलं तेच रेझिन, तेवढंच रबर, तोच हार्डनर. दुपार होती. शेडचा पत्रा तापून वर हात लावता येत नव्हता. रेझिन भराभर घट्ट होत होतं. शालूला वाटलं, बरं झालं, लवकर उरकलं. सॉकेट निघालं ते मधासारखं स्वच्छ, आरपार दिसणारं. खुशालराव म्हणाले, "हे पाह्य, हे कसं साफ आलं." मैनाबाई तो पाय घालून खोलीभर फिरल्या, दोनदा टाच आपटून पाहिली आणि हसत गाडीत बसल्या.

गजेंद्रचा फोन आला तो जूनच्या पहिल्या आठवड्यात. शालूला वाटलं पुन्हा तडकला. पण तसं नव्हतं.

"ताई, पाय फुटला नाई. पण आईच्या पायाले फोड आले. लय मोठे. तुमी येऊन पाहा."

शालू चांदूर बाजारच्या एसटीत बसली आणि पुढे गजेंद्रच्या मोटारसायकलवर त्यांच्या गावी गेली. मैनाबाई ओसरीवर खाटेवर होत्या. उरलेल्या पायावर फडकं गुंडाळलेलं होतं आणि त्याला पिवळसर डाग होते. शालूने फडकं सोडलं. पुढच्या हाडापाशी कातडी सोलून निघाली होती. तिने सॉकेट हातात घेतलं. ते उन्हात ओसरीच्या कडेलाच पडलेलं होतं. दोन्ही बाजूंनी अंगठ्याने दाबलं तर ते दबलं. चांगलं दबलं. बागेत दिवसभर उन्हात वजन घेऊन घेऊन त्याचा आकारच बिघडला होता. आता ते पायाला धरत नव्हतं, घासत होतं.

"चूक माही हाय मावशी," शालू म्हणाली.

मैनाबाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "चूक असन. पण मले एक सांग. तू म्हनली होती का असाच पाय तू सोता घालून राहिली. तुहा टिकला, मंग माह्याच पायाले काय झालं?"

शालूने जखम धुतली, मलम लावलं, जवळच्या डॉक्टरांना दाखवा म्हणून गजेंद्रला बजावलं. मैनाबाईंच्या सुनेने चहा दिला. तो ती प्यायली, पण तिला चव लागली नाही. परत येताना एसटीत तिने दोन्ही सॉकेटं शेजारी शेजारी धरली, आपल्या पायातलं आणि पिशवीतलं. साडी थोडी वर करून ती खिडकीच्या उजेडात पाहत राहिली. समोरची बाई तिच्याकडे विचित्र नजरेने पाहत होती. एक दुधाळ होतं, एक आरपार. तेच रेझिन, तेच रबर.

तिने बसमधूनच ललितला फोन लावला. "ललितभाऊ, माह्या सॉकेटात रबर ढगावानी दिसते. मावशीच्या सॉकेटात दिसत नाई. मंग गेलं कुठं ते?"

ललित म्हणाला, "रविवारी या तुमी. दोन कप करून पाहू."

रविवारी कारखाना बंद होता, पण प्रयोगशाळेची चावी ललितकडे होती. त्याने एकाच भांड्यात रेझिन आणि हार्डनर मिसळून दोन कपांत सारखं ओतलं. एक कप थंड पाण्याच्या परातीत ठेवला आणि दुसरा बाहेर उन्हात, पत्र्यावर. डोमाजीही आले होते. त्यांना राहवलं नव्हतं. तिघं दारात खुर्च्या टाकून बसले आणि आळीपाळीने उठून पाहत राहिले. उन्हातला कप पाहता पाहता आवळला. मधासारखा पिवळा, स्वच्छ. पाण्यातला कप कितीतरी वेळ पातळच होता. डोमाजी कंटाळून डुलक्या घेऊ लागले. मग तो कप ढगाळायला लागला. आधी कडेने, मग सगळाच.

"आता समजलं," ललित म्हणाला. "रबराले बाहेर यायला सवडच भेटली नाई. जो ढग येते तो थेंबांचाच. इथं थेंब व्हायच्या आधीच रेझिन घट्ट झालं. रबर आतच मुरून राह्यलं, सगळीकडे सारखं. त्यानं चिरीले काई अडवलं नाई, फक्त रेझिनले मऊ केलं. अन् मऊ झालेलं रेझिन आपल्या उन्हात अजून मऊ होते. कारखान्यात भट्टीचं तापमान ठरलेलं असते. म्हून आमाले हे कधी समजलंच नाई. तुमी पत्र्याच्या शेडमध्ये काम करता, हे मी विचाराले पायजे होतं."

शालूला त्या पिवळ्या स्वच्छ कपाचा राग आला होता. सगळ्यांना तोच चांगला दिसला होता, तिलाही.

त्यानंतरचं काम कंटाळवाणं होतं. ललितने सावकाश घट्ट होणारा दुसरा हार्डनर शोधला. त्या हार्डनरने कडकपणा कमी पडू नये म्हणून सॉकेट दुसऱ्या दिवशी हीटर लावलेल्या बंद पेटीत हळूहळू तापवून घ्यायचं ठरलं. घट्ट होताना थंड आणि घट्ट झाल्यावर गरम, हे खुशालरावांना उलटं वाटायचं. त्यांना ते पुन्हा पुन्हा समजावून सांगावं लागलं. रेझिन ओतायचं काम पहाटेवर आणलं. शेडमध्ये कूलर लावला. एकाच मगात सगळं रेझिन कालवलं की ते स्वतःच्याच उष्णतेने तापतं, म्हणून दोन उथळ थाळ्यांत कालवायचं आणि थाळ्या पाण्यात ठेवायच्या. काही सॉकेटं फुकट गेली. एकदा रेझिन इतकं सावकाश घट्ट झालं की ते सगळं खालच्या टोकाला उतरलं आणि वर नुसतं कोरडं कापड राहिलं. पण दुधाळ रंग येऊ लागला, न चुकता.

पावसाळा संपता संपता मैनाबाईंची जखम भरली. शालूने त्यांना फोन केला आणि नवा पाय करू म्हणाली.

"नको," मैनाबाई म्हणाल्या. "थंडीत तुहा पाय चांगलाच राह्यते. उन्हाळ्यात दाखव."

त्यांचं म्हणणं रास्त होतं. शालूने वाद घातला नाही. मैनाबाई प्लास्टिकचा जड पाय घालून अर्धा दिवस काम करत राहिल्या आणि अर्धा दिवस बांधावर बसून मजुरांवर ओरडत राहिल्या. मोसमात गजेंद्रला एकट्याला बाग आवरली नाही.

पुढच्या मे महिन्यात शालूने आपला चांगला चालत असलेला पाय बाजूला ठेवला आणि स्वतःसाठी दुसरा केला. मुद्दाम मे महिन्यात, त्याच शेडमध्ये, पण नव्या पद्धतीने. तो घालून ती चांदूर बाजारला गेली. अकोल्यात तेव्हा पारा शेहेचाळीसच्या वर होता, इकडेही फार कमी नव्हता. मैनाबाई तिला बागेत घेऊन गेल्या. दुपारच्या उन्हात दोघी झाडांच्या ओळींतून फिरल्या. मैनाबाईंनी तिला रिकामं कॅरेट उचलायला लावलं, मग अर्धं माती भरून. वरंबा ओलांडायला लावला. शालूचा चेहरा लाल झाला होता, ब्लाउज पाठीला चिकटला होता. सुनेने सांगून पाहिलं की ताईला ऊन लागेल. मैनाबाई ऐकत नव्हत्या.

शेवटी त्या म्हणाल्या, "काढ."

शालू झाडाखाली बसली आणि तिने पाय काढून दिला. मैनाबाईंनी तो तळहातांत धरून सगळ्या बाजूंनी दाबला. सारी ताकद लावली. दबला नाही. मग त्यांनी शालूच्या उरलेल्या पायावरून हात फिरवला. कातडी घामाने ओली होती, पण लाल झाली नव्हती. आजवर शालूने इतक्या बायांच्या पायांवरून असा हात फिरवला होता. तिच्या पायावरून मात्र आईनंतर कुण्या बाईने नाही.

"उठ," मैनाबाई म्हणाल्या. "जेवून घे आधी. मंग माप घे."

माप शालूने त्याच दिवशी ओसरीवर घेतलं. सोबत प्लास्टरच्या पट्ट्या तिने आणलेल्याच होत्या.

तो पाय मैनाबाईंनी संत्र्याचे तीन मोसम वापरला. बागेत पडल्या, ट्रॅक्टरवर चढल्या, एकदा वासराने लाथ मारली ती त्याच पायाला लागली. वरचा रंग खरवडून निघाला, पण चीर गेली नाही. नंतर तो सैल झाला, कारण उरलेला पाय बारीक झाला होता. तसं सगळ्यांचंच होतं. खुशालरावांनी ते सॉकेट करवतीने उभं कापून चकतीपाशी भिंग लावून पाहिलं. बारीक चिरा सुरू झालेल्या होत्या. सगळ्या थोड्या पुढे जाऊन थांबल्या होत्या.

खुशालराव आता केंद्रात रोज येत नाहीत, गुडघे दुखतात. शेड शालूच सांभाळते. तिच्या हाताखाली प्रणाली नावाची मुलगी आहे, तिला पाय दोन्ही आहेत. सुरुवातीला पेशंट बाया तिच्याशी मोकळेपणाने बोलायच्या नाहीत, आता बोलतात. ललितचा कारखाना पुण्याकडे गेला, पण तो गेला नाही. अकोल्यातच दुसरीकडे लागला आणि रबर अजूनही तोच मिळवून देतो. डोमाजी गेल्या वर्षी वारले. शालूचं लग्न झालं नाही. एकदोन ठिकाणी बोलणं झालं होतं. ती त्याविषयी फारसं सांगत नाही आणि आपणही विचारू नये.

मैनाबाई नव्या पायाचं माप द्यायला आल्या तेव्हा त्यांच्याबरोबर नात होती, रागिणी. तिने मोबाइलवर कुणाचातरी पाय दाखवला. सॉकेटवर फुलाफुलांचं कापड होतं, वरच्या थरात बसवलेलं.

"आजीले असा करून द्या," रागिणी म्हणाली.

शालूने सांगितलं, "करता येते. पण आपलं रेझिन दुधावानी राह्यते. फुलं उठून नाई दिसणार. एकदम फिकी दिसतील."

मैनाबाईंनी पिशवीतून आपल्या एका जुन्या साडीचा तुकडा काढला. हिरवी, त्यावर लाल बुट्टे. त्या तो घरूनच घेऊन आल्या होत्या.

"फिकी तं फिकी," त्या म्हणाल्या. "बागेत कोण पाहून राह्यलं?"

शालूने तुकडा घेतला, उलटापालटा करून पाहिला आणि प्रणालीला म्हणाली, "हे धू, वाळव, इस्तरी कर. उद्या पहाटे ओतू."